साठ नंबरचा पट्टा

चाकू बनवायचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा मी पस्तिशीचा होतो, म्हणजे अक्कल यायला हरकत नव्हती. कामरेजच्या एका गॅरेजातून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा आणला आणि महिनाभर कानशीने घासत बसलो. पातं काही होईना, खांदे मात्र कामातून गेले. मग ठरवलं, घासायचं मशीनच घ्यायचं. बेल्ट ग्राइंडर. स्वस्तातला.

दुकानात आबांना, म्हणजे वडिलांना, बरोबर नेलं. उधन्याच्या लूमखात्यात, यंत्रमागांवर, त्यांनी उभी हयात काढली होती. त्या खडखडाटात कान गेले, म्हणून त्यांचं सगळं काम तळहातावर चालायचं. मोटरीवर हात ठेवून बेअरिंग किती दिवस टिकेल ते सांगत. चालत्या पट्ट्याला तळवा लावून तो घसरतोय का ते ओळखत. त्यांचं खातं बंद पडलं, तरी आसपासचे लूममालक त्यांना बोलावून न्यायचे. त्या दिवशी स्वारी इस्त्रीचा शर्ट घालून निघायची. म्हातारपणी त्यांना तेवढाच मान उरला होता, आणि तो मला बघवत नव्हता. मला कोणी कुठे बोलावत नसे, हे त्याचं खरं कारण.

दुकानात दोन मशीन होती. एक चकचकीत, बोटभर रुंदीच्या पट्ट्याचं, खेळण्याएवढ्या मोटरचं. दुसरं थोडं महाग, रंग उडालेलं, रुंद पट्ट्याचं, दोघांनी उचलावं असं. आबांनी दोन्ही चालू करून मोटरींवर हात ठेवला.

"हाई मोठं ले," ते म्हणाले. "लहानं दाबताच बसी जाई."

"आबा, आपले लूम नही लेवानं!" लूम थोडाच घ्यायचाय, असं मी ओरडलो. त्यांना ऐकू यावं म्हणून नव्हे, दुकानातल्या चार लोकांना ऐकू जावं म्हणून. लोक हसले. दुकानदारानेही गुजरातीत री ओढली, "काका, शोख माटे तो आ नानुं चाले." हौसेला लहान पुरे. आबा कसंनुसं हसले. मी लहान घेतलं.

रविवारी गॅलरीत टेबलाला मशीन आवळलं, साठ नंबरचा, सँडपेपरसारखा खरखरीत पट्टा चढवला आणि पातं टेकवलं. पट्टा थांबला. मोटर नुसती कण्हत राहिली. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. आबा खाटेवर बसून बघत होते. एकदा जरी "मी सांगितलं होतं" म्हणाले असते तरी माझा राग निवला असता.

चौथ्यांदा चालू केलं तेव्हा ते उठले. पंजा उघडून पट्ट्याकडे आले. लूमचा पट्टा रबरी. त्याला हात लागला तर काही होत नाही. आणि हा फिरायला लागला की याचा खरखरीतपणा दिसत नाही, तोही तसाच गुळगुळीत वाटतो. मला सगळं ठाऊक होतं. तो हात पट्ट्यांकडे जाताना मी लहानपणापासून बघत आलो होतो. स्विच माझ्या बोटाशी होता. कळू दे म्हाताऱ्याला एकदा, असं मनात आलं, आणि मी हललो नाही.

"पट्टा ढिला शे," ते म्हणाले. मग त्यांनी हाताकडे पाहिलं. तळव्याला कातडी नव्हती.

डॉक्टरला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना त्यांनी दोष स्वतःकडे घेत एकच सांगितलं, "मनीच चूक." मी ते खोडलं नाही. जखम भरायला दोन महिने लागले. नवी कातडी आली ती पातळ, तुकतुकीत, आणि बधिर. लूममालकांनी दोनदा बोलावलं. तिसऱ्यांदा कोणी आलं नाही.

पुढे मी मोठं मशीन घ्यायला त्याच दुकानात गेलो. आबांना नेलं. का नेलं? बरं वाटावं म्हणून. त्यांना की मला, ते सोडा. दुकानदाराने मोटर चालू केली. आबांनी तोच उजवा तळवा ठेवला, सरकवला, दाबला. मग डावा ठेवून पाहिला. त्या हाताला ही विद्या कधी आलीच नव्हती. बराच वेळ ते तसेच वाकून उभे होते.

"कसी शे रे?" त्यांनी मला विचारलं. बहिऱ्या माणसाला हळू विचारता येत नाही. अख्ख्या दुकानाने ऐकलं.

मला मोटरीतलं ओ की ठो कळत नाही.

"चांगली शे," मी त्यांच्या कानाशी ओरडलो. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि दुकानदाराला बांधून द्यायला सांगितलं.