बहिरूच्या इंजिनाची गोधडी

...तर काल कुठवर आलो होतो? हां, बहिरूने स्वतःच्या अंगावरची गोधडी इंजिनावर घातली, तिथवर.

बहिरू म्हणजे निफाडकडच्या आमच्या शिवारातला माझा शेजारी. विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन त्याचं लाडकं. त्याची बायको चतुराबाई म्हणते, "सवत हाय माझी! मला हिवाळ्यात कधी इचारलं नाय, हिला मातर पांघरूण."

यंदा जानेवारीत लय कडाका पडला. द्राक्षाचे मणी भरत आलेले. अशा पहाटे विहिरीचं उबदार पाणी बागेत सोडायचं, बांधाला शेकोट्या करायच्या, ही आमची रीत. नाहीतर मणी तडकून वर्षाची मेहनत मातीत. वीज नेमकी दुपारी यायची. सगळी भिस्त इंजिनावर.

त्या पहाटे बहिरूने गोधडी उचलली, हँडल मारलं. फुस्स. पुन्हा मारलं. फुस्स. मी जोर लावला, तर इंजिनाआधी माझी कंबरच वाजली.

"येवढं झाकून निजवलं, तात्या, तरी रुसलं कशापायी?" बहिरूने मला विचारलं.

चतुराबाई शेकोटीपासून उठून आली. इंजिनाचा डिझेलचा डबा खोपीबाहेर खांबाला टांगलेला, त्यातून नळी आत इंजिनाकडे गेलेली. तिने डब्यात काडी घातली.

"अवो, हे बघा! थिजलंय, तुपावाणी!"

दिवाळीनंतर बहिरूने रस्त्याकडेच्या टपरीवरून पामतेलाचं डिझेल आणलं होतं. उन्हाचं झकास चालायचं. पण थंडीत खोबरेल बाटलीत गोठतं ना, तसंच तेही गोठतं. मग फिल्टरच्या बारीक जाळीतून थेंब पुढे सरकत नाही. आता काय म्हणावं? इंजिनाला गोधडी, आणि त्याचं जेवण रात्रभर उघड्यावर!

हसू आवरेना, पण तिकडे पूर्वेला फटफटायला लागलं होतं. चतुराबाईने अंघोळीच्या बंबातलं कढत पाणी आणलं. डबा घमेल्यातल्या पाण्यात ठेवला, नळीला अन् फिल्टरला ओली गरम फडकी गुंडाळली. डिझेल पातळ होऊन चकाकायला लागलं तसं बहिरूने हँडल मारलं. आधी पांढरा धूर, एक खोकला, मग ठक ठक ठक! पाणी सरीतून धावलं. बाग वाचली.

चहा पिताना मी छेडलं, "बहिरू, आज गोधडी कुणाला रे?"

त्याने चतुराबाईकडे चोरून पाहिलं.

"डब्याला. इंजिनाला पोतं. अन् हिला आजच नाशिकवरून नवं ब्लँकेट आणतो, तात्या. उंद्या हीच रुसली, तर चालू कराया बंबभर पाणी पुरायचं नाय!"