सोलापूरहून आणलेलं विरजण

धाराशिवच्या एका खासगी दवाखान्यात मी सांडपाण्याचा प्लांट चालवायचो. मागच्या अंगाला दोन टाक्या, हवा सोडणारा ब्लोअर आणि मी. ही नोकरी दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं लावली. तळमजल्यावरचं औषधांचं स्टोअर त्यांच्याकडं होतं.

नव्या टाकीत जंतू आपोआप जमत नाहीत, विरजण लागतं. सोलापूरच्या एका चालू प्लांटवरून मी कॅन भरभरून गाळ टेम्पोतून आणला. घाण खाणारे जंतू लगेच रुळले. लघवीतला अमोनिया संपवणारे मात्र लई नखरेल, त्यांना दीड महिना लागला. रोज नळीत पाणी घ्यायचं, तपासणीचे थेंब टाकायचे. पिवळं झालं की अमोनिया शिल्लक. नळी पहिल्यांदा स्वच्छ राहिली त्या दिवशी दाजींना पेढा देऊन मी फुशारकी मारली, "दाजी, आता माझे जंतू काय बी खात्यात!"

काही महिन्यांनी एका सकाळी नळी हळदीसारखी पिवळी झाली. दोन दिवसांत वास वॉर्डापर्यंत गेला. मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं. दाजी तिथंच बसलेले. म्हणाले, "दुपारचं ब्लोअर बंद करून झोपत असंल." ब्लोअर एक तास बंद पडला तरी हवेविना जंतू मरतील म्हणून माझा जीव खालीवर व्हायचा, हे त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी गटाराच्या जाळीत ओंजळभर टोपणं सापडली, इंजेक्शनच्या बाटल्यांची. मुदत संपलेली अँटिबायोटिक्स स्टोअरनं कंपनीला परत पाठवायची असतात. दाजींनी ती बेसिनमध्ये ओतली होती. जंतू मारायचंच औषध ते, माझ्या जंतूंना कसं सोडेल?

मी टोपणं स्टोअरच्या काउंटरवर ठेवली. "दाजी, हे तुम्ही केलं?"

"तूच म्हणला व्हतास ना, काय बी खात्यात म्हणून?" त्यांनी टोपणं गोळा करून डब्यात टाकली आणि आवाज खाली आणला. "माझी नोकरी गेल्यावर तुझ्या ताईनं काय करायचं?"

केसानं गळा कापला माझा, तोही ताईचं नाव घेऊन. मी लिहून दिलं, ब्लोअर मीच बंद ठेवला. त्याच आठवड्यात मला काढलं.

ताई अजून समजावते, "कामात झोपा काढू नये रे. जरा दाजींकडं बघून शिक."