फोटोपुरता मीटर

ट्रे या वस्तूवर माझा लहानपणापासून राग आहे. मळवलीला स्टेशनपासून थोडं आत गेलं की शहरातल्या लोकांचे बंगले लागतात. त्यांतल्या एका बंगल्याची देखभाल माझे वडील करतात. आठवडाभर ते आमच्या भातखाचरात असतात आणि शनिवार उजाडला की इस्त्रीचा सदरा घालून बंगल्यावर. चहा, कांदाभजी, बर्फ, परत चहा. लहान असताना मी त्यांच्या मागून रिकामे ग्लास गोळा करत फिरायचे. एकदा एका पाहुण्याच्या मुलाने माझ्याकडे न बघताच उष्टा ग्लास हवेत धरला, म्हणजे तो मी घ्यायचा. मी घेतला नाही. त्याने सोडला, ग्लास फुटला आणि बोलणी वडिलांनी खाल्ली. मोठेपणी हातात काहीही धरीन पण ट्रे धरणार नाही, हे माझं तेव्हापासून ठरलेलं आहे.

म्हणून मी आयटीआयला गेले, इलेक्ट्रिशियन ट्रेडला. आज मळवली ते लोणावळा पट्ट्यात बंगल्यांचं वायरिंग आणि पंपांची कामं करते. ‘मिस्त्री कुठे आहेत?’ असं विचारणारे अजून भेटतात. त्यांना मी आधी पाना दाखवते, मग बिल.

आयटीआय झालं तेव्हा मात्र एवढी ऐट नव्हती. त्यानंतर कुठेतरी अप्रेंटिस म्हणून वर्षभर काम शिकावं लागतं, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र. ते नसलं की चांगल्या ठिकाणी कुणी दारात उभं करत नाही. माझा नंबर लोणावळ्यात एका सरकारी मंडळाच्या केंद्रात लागला. मंडळाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या मंडळांना वाटेल, आपण सुटलो.

केंद्रात दोन इमारती होत्या. एकीत मोटर दुरुस्तीची कार्यशाळा, दुसरीत विश्रामगृह. कार्यशाळेला कुलूप आणि विश्रामगृहाला वर्दळ. लोणावळ्यात ज्याचं विश्रामगृह आहे त्याला पाहुण्यांची ददात नसते. आम्हा अप्रेंटिसना शिकवावं म्हणून सरकार मंडळाला पैसे देत होतं. आमचं विद्यावेतन वेळेवर मिळायचं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याच्यासाठी ते पैसे येत होते, ते सोडून बाकी सगळं आम्ही करत होतो. गाद्या उचल, कुंड्यांना पाणी घाल, केंद्रप्रमुख साहेबांच्या मेहुण्याला चिक्की आणून दे. कार्यशाळा कधी उघडणार असं विचारलं की प्रशिक्षण अधिकारी म्हणायचे, “उघडू, उघडू. आधी शिस्त शिका.”

एक दिवस ती उघडली. आम्हाला निळे डगले आणि पिवळी हेल्मेटं दिली. माझ्या हातात एक नवाकोरा मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचं यंत्र, दिला आणि पॅनलसमोर उभं केलं. मला इतका आनंद झाला की विचारता सोय नाही. मी मीटरच्या दोन्ही वायरी नीट लावल्या, नॉब फिरवला, तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, “हां, छान, हसू नका.” फोटो झाला. अधिकाऱ्यांनी मीटर घेतला, खोक्यात ठेवला, डगला काढायला लावला आणि कुलूप घातलं.

पावसाळा संपता संपता बातमी आली, संसदेची समिती येतेय. सरकारी मंडळं जनतेचा पैसा कसा खर्च करतात हे तपासणारी खासदारांची समिती असते, ती अभ्यास दौऱ्यावर निघाली होती. अभ्यासाला थंड हवा लागतेच. केंद्रात रंगाचे डबे आले, भिंती रंगवून झाल्या, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना झाला. मला वाटलं, आता तरी कार्यशाळा उघडतील. त्याऐवजी आम्हाला मरून रंगाची जाकिटं वाटली. विश्रामगृहातली माणसं कमी पडत होती, तेव्हा खासदारांना चहापाणी आम्ही द्यायचं होतं. माझ्याबरोबर जवळच्या इंदुरी गावची एक मुलगी अप्रेंटिस होती, तीही इलेक्ट्रिशियन. तिने जाकीट घातलं आणि आरशात बघून म्हणाली, “आपली वरात कुटं निघालीय गं?” मला हसू आलं नाही. माझ्या हातात ट्रे होता.

सभागृहात लांब टेबल, एका बाजूला खासदार, दुसऱ्या बाजूला मंडळाचे साहेब. आम्ही भिंतीला टेकून. दिवे मंद झाले आणि पडद्यावर सादरीकरण सुरू झालं. एवढे अप्रेंटिस घेतले, एवढे घडवले, महिला सक्षमीकरण केलं. आणि पडद्यावर भिंतभर मी आले. निळा डगला, पिवळं हेल्मेट, हातात मीटर. आमचे अधिकारी सांगत होते, “हे आमचे प्रशिक्षणार्थी प्रत्यक्ष काम करताना. आज ते फील्डवर आहेत.”

त्या वेळी मी एका खासदारबाईंना पाणी देत होते. बाई उत्तरेकडच्या, पांढरे केस, सुती साडी. त्यांनी ग्लास घेताना माझ्याकडे पाहिलं. जो माणूस ग्लास घेताना बघतो तो माझ्या लक्षात राहतो. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे.

“बेटी, वो तुम हो?”

साहेबांनी टेबलापलीकडून मला डोळ्यांनी दटावलं. नाही म्हणणं सोपं होतं. हेल्मेटमध्ये कोण कुणासारखं दिसत नाही? वर्ष संपत आलेलं, परीक्षेला माझं नाव पाठवणं त्याच साहेबांच्या हातात. पण भिंतीवरची ती मी माझ्याकडे टक लावून बघत होती आणि मला तिची लाज वाटायला लागली.

मी ट्रे टेबलावर ठेवला. त्यांच्या फायलींवरच.

“हां मॅडम, मैंच है,” मी म्हणाले. माझं हिंदी असं, मावळातून निघतं आणि मावळातच राहतं. “मीटर फोटो के वास्ते दिया था. फोटो निकाला, मीटर वापस लिया. हम सब इधरच है, फील्ड पे कोई नहीं है. ये सब जाकीटवाले अप्रेंटिस है.”

दिवे लागले. साहेब घाईघाईने म्हणाले, की मुलगी हुशार आहे, घाबरली आहे, मीटर उत्तम चालवते, आत्ता दाखवेल. मीटर आणलासुद्धा. खोक्याला आतून अजून प्लास्टिक तसंच होतं.

“चलाना आता है?” बाईंनी विचारलं.

“आता है.”

“तो दिखाओ.”

सगळे माझ्या हातांकडे बघत होते. मला येत होतं हो. डोळे मिटून आलं असतं. हात शिवशिवत होते त्या मीटरसाठी.

“नहीं दिखाऊंगी,” मी म्हणाले. “मैंने दिखाया, तो साब लिखेंगे हमने सिखाया. ये मेरेको आयटीआय में सिखाया. इधर खाली ट्रे सिखाया.”

समितीचे अध्यक्ष खुर्ची सरकवून उठले आणि कार्यशाळा बघायची म्हणाले. किल्ली मिळायला वेळ लागला. दार उघडलं तर आत विश्रामगृहाच्या जादा गाद्या छतापर्यंत रचलेल्या, मागे कुठेतरी मोटरी. अध्यक्षांनी एक गादी हाताने दाबून बघितली आणि बाहेर आले. मला वाटतं, त्या दिवशीचा खरा अभ्यास तेवढाच झाला.

घरी हे सांगितलं तेव्हा वडील अंगणात पाय धूत होते. त्यांचा तांब्या तसाच हातात राहिला.

“सायबाच्या तोंडाला लागलीस व्हय? काडून टाकत्याल की तुला!”

“टाकू देत, आबा.”

“टाकू देत म्हणं. लय सोपं हाय.” त्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणी पायांवर ओतलं. मग हळूच म्हणाले, “ट्रे कुटं ठिवलास?”

“त्यांच्या पुढ्यात. टेबलावर.”

“मला न्हाई जमलं ते कवा,” ते म्हणाले आणि आत निघून गेले. मी बाहेर बसून रडले. भीतीने नाही. ज्या माणसाने माझ्या फुटलेल्या ग्लासाची बोलणी खाल्ली, त्याला आयुष्यभर तो ट्रे किती जड झाला असेल, हे मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं.

दोन दिवसांनी साहेबांनी आम्हाला एकेकाला आत बोलावलं. एका टाइप केलेल्या कागदावर सही करायची होती. ‘आम्ही पाहुण्यांची सेवा स्वेच्छेने केली. आदरातिथ्य हा आमच्या व्यक्तिमत्त्व विकासाचा भाग होता.’ इंदुरीच्या मुलीने सही केली. बाहेर येऊन म्हणाली, “माज्या मागं दोन बहिनी शिकत्यात. मला न्हाई परवडत तुज्यासारखं.” तिचं बरोबर होतं आणि मी तिला एका शब्दाने बोलले नाही. मी सही केली नाही. साहेब म्हणाले, “परीक्षेला नाव जाणार नाही, लक्षात ठेव.” मी म्हणाले, “माझा विकास झालाय साहेब, म्हणूनच सही होत नाही.” हे बोलून बाहेर आले आणि नळाखाली तोंड धुतलं, कारण कानशिलं तापली होती.

पण समितीने दिल्लीहून प्रश्न पाठवले. कोण परीक्षेला बसलं, कोण नाही आणि का नाही, कार्यशाळेत काय शिकवलं, सगळं विचारलं. माझं नाव अडवायची सोय राहिली नाही. गाद्या हलल्या. एक निवृत्त मिस्त्री शिकवायला आले, तोंडाने फटकळ, हाताने उदार. आम्ही मोटरी खोलल्या, जळकी तार उपसली, नवी तार भरली. इंदुरीची आणि मी एकाच मोटरवर बसायचो. तिची गुंडाळी माझ्यापेक्षा सुबक व्हायची आणि मला त्याचा रोज राग यायचा. असला राग मात्र सुखाचा असतो.

मग समितीला उत्तर पाठवायची वेळ आली. काय काय सुधारणा केल्या त्याचा अहवाल, सोबत फोटो. तोच फोटोग्राफर आला, तेच पिवळं हेल्मेट आलं. त्याच सकाळी आम्ही दोघींनी भरलेली पहिली मोटर जोडून चालू केली होती. ती गुरगुरली, थरथरली आणि एकसारखी फिरू लागली. मी वाकून तिन्ही वायरींमधलं व्होल्टेज मोजत होते. मीटर माझ्या हातात होता आणि तो परत मागायची कुणाची छाती नव्हती.

“जरा बंद कर ते,” साहेब मागून म्हणाले. “आवाज होतोय. आणि इकडे बघ, चेहरा येऊ दे.”

“आधी काम, साहेब.”

“अगं, एक मिनिट!”

मी वळले नाही. फोटोग्राफर थोडा थांबला आणि कंटाळून त्याने तसाच फोटो काढला. दिल्लीला गेलेल्या त्या अहवालात माझा चेहरा नाही, नुसती पाठ आहे. बघणाऱ्याला ऐकू येणार नाही, पण त्या फोटोत मोटर चालू आहे.