भिडेपोटी केलेली सही

धुलाई कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत. तापलेल्या रोलरखाली चादरी सरकवायचं काम तिने अकरा वर्षं बिनबोभाट केलं. रोलरपुढची जाळी तुटली तेव्हा तिने मुकादमाला दोनदा सांगितलं. "बघतो, बघतो," म्हणत त्याने दोन महिने काढले. मग एका दुपारी चादरीबरोबर तिची उजव्या हाताची तीन बोटं आत गेली.

मुकादमाने स्वतःच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं, घरी सोडलं आणि निघताना एक कागद पुढे केला. "वहिनी, घरीच भाजलं असं लिहिलंय. नाहीतर चौकशी लागेल, चाळीस जणींच्या पोटावर पाय येईल." वहिनीला वाचता येत होतं. पण एवढं केलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? डाव्या हाताने तिने वेडीवाकडी सही केली.

महिन्याने ती कामावर गेली, तर मुकादमाने फाटकावरच ऐकवलं, "आता या हाताचा काय उपयोग?"

धाकटी जाऊ त्याच कारखान्यात घड्या घालायची. तिला राहवलं नाही. ती वहिनीला कामगार कचेरीत घेऊन गेली. तिथल्या बाई म्हणाल्या, "कामावर इजा झाली तर उपचार, भरपाई हा तुमचा हक्क आहे. मालकाचे उपकार नव्हेत. सही केली म्हणून हक्क जात नाही. पण अपघात तिथेच झाला, हे सांगणारं कोणी हवं."

पाहणाऱ्या पाचजणी होत्या, त्यात जाऊही. तिला यात ओढायला नको म्हणून वहिनी बाकीच्या एकेकीच्या दारात गेली. एकीने दारच उघडलं नाही. दुसरी रडली, "तुझं खरंय गं, पण घरात मी एकटी कमावती." वहिनीला तिचा रागही धरता येईना.

"भीड भिकेची बहीण, तेव्हा कळलं नाही?" नवरा करवादला, मग मुकाट्याने तिची वेणी घालायला बसला.

शेवटी जावेनेच जबाब दिला, वहिनीला न विचारता. आठवड्यात जावेची बदली धुण्याच्या हौदावर झाली. दिवसभर सोड्याच्या पाण्यात उभं राहायचं.

चौकशी झाली. अपघात कारखान्यातलाच ठरला, उपचारांचा खर्च मालकावर आला. पण दोन बोटं वळलीच नाहीत, आणि कामावर परत घेण्याचा दावा अजून लोंबकळतोय.

जावेच्या टाचा फुटल्या होत्या. वहिनी त्यांना मलम लावत होती, तेव्हा जाऊ म्हणाली, "ताई, हे तुमच्यामुळे झालं असं मनात आणू नका."

वहिनीने तिची दुसरी टाच मांडीवर घेतली. ते तिच्या मनातून कधी गेलंच नाही.