पुस्तकातलं माझं एकच वाक्य

नारळ माझ्या हातावर कधीच आपणहून उभा राहिला नाही. एक माणूस सोडला तर हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही, देवापुढे बसून मनातल्या मनातसुद्धा नाही.

तळहातावर आडवा नारळ, शेंडी बोटांकडे, आणि मी अनवाणी शेतातून चाललेलो. जमिनीखाली पाणी असेल तिथे तो नारळ उभा राहतो, हे पारनेर तालुक्यातल्या किती गावांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. तो मी उभा करत होतो. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसाचा उंचवटा असतो तो हळूच आत ओढला की नारळाला मागून उचल मिळते. गोठ्यात म्हशीसमोर उभा राहून मी त्याचा सराव केला होता. म्हशीनं कधी काही म्हटलं नाही आणि लोकांनीही नाही.

मग पाणी कसं लागायचं? तर ते मिस्त्री सांगायचा.

मिस्त्री म्हणजे विहिरी खोदणारा, माझ्याच वयाचा, आमच्याच गावचा मुसलमान. बापापासून दगड फोडत आलेला. सुरुंगाची दारू भरावी तर त्यानंच. घणाचा एक ठोका मारून, कान वाकडा करून, खाली खडक सलग आहे की भेगाळलेला, ते तो सांगायचा. उंबर कुठे आहे, वारूळ कुठे आहे, उन्हाळ्यात हरळी कुठे हिरवी राहते, पाण्याच्या ह्या सगळ्या खुणा त्याच्या ध्यानात असायच्या. पण त्याच्या सांगण्यावर कुणी कुदळ मारत नव्हतं.

"मी सांगितलं तर म्हनत्यात, पोटासाठी सांगतोय, ह्याला खोदायचं काम पायजे," तो एकदा मला म्हणाला. "तू सांगितलं तर म्हनत्यात देवानं सांगितलं."

त्यातून आमचं ठरलं. आदल्या दिवशी तो दगड वाहायची वाट बघायला म्हणून शेतात जायचा आणि दात घासून झालेली कडुलिंबाची काडी पाण्याच्या जागी खोचून यायचा. दुसऱ्या दिवशी मी नारळ घेऊन निघायचो. काडी दिसली की अंगठा आत. मी कुणाकडून काही घेत नसे, म्हणून माझ्यावर विश्वास. आणि खोदायचं काम मिस्त्रीला मिळायचं. चारचौघांत तो मला अहोजाहो करायचा. "चला बुवा, उभा करा नारळ," म्हणताना त्याच्या मिशीखाली जे हसू असायचं ते फक्त मला दिसायचं.

असं बारा-तेरा वर्षं चाललं. मग पुस्तकाचं निघालं.

नगरच्या एका छापखानेवाल्याच्या मळ्यात मी विहीर दाखवली होती. तो म्हणाला, तुमची विद्या तुमच्याबरोबर जायला नको, पुस्तक काढू. लढाईचे दिवस होते, कागद मिळत नव्हता, पण तो म्हणाला कागदाचं मी बघतो, तुम्ही मजकूर द्या. माझी शाळा मराठी चौथीपर्यंतची. पत्र लिहिता यायचं, पुस्तक कसं लिहावं ते ठाऊक नव्हतं. त्यानंच मास्तरांकडे पाठवलं.

मास्तर पारनेरच्या शाळेत बदलून आलेले. त्यांनी त्याआधी एका गुरांच्या वैद्याचं पुस्तक लिहून दिलं होतं. त्यावर नाव वैद्याचं, मास्तरांचं कुठे टिपूसही नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "नाव तुमचं, हात माझा. तुम्ही सांगत जा, मांडायचं मी बघतो. फक्त खरं सांगा, म्हणजे मला मांडायला बरं पडतं."

रविवारी शाळेच्या ओट्यावर आम्ही बसायचो. मी बोलायचो, ते टाक बुडवून लिहायचे, आणि पुढच्या रविवारी वाचून दाखवायचे. 'मी लहानपणापासून भूमीच्या पोटातील जलाची चाहूल घेत असे.' असं मी कधी बोललो नव्हतो, पण ऐकताना वाटायचं, खरंच की, घेत असेन. त्या वहीतला माणूस माझ्यापेक्षा शांत होता, शहाणा होता. मला तो फार आवडायला लागला.

एक दिवस मिस्त्री वाटेत भेटला.

"ऐकलं, तुजं पुस्तक निघतंय."

"निघतंय."

"मग मला बी घाल की त्यात. नारळाचं नगं काई. सुरुंग कुनी लावलं, हिरी कुनी फोडल्या, येवढंच."

"घालतो की."

"नाव नीट घाल हां, वडलांच्या नावासकट. अम्माला कुनाकडून तरी वाचून दाववीन. म्हातारीला वाटतंय, तिचं पोरगं नुस्तं धोंडं फोडतंय."

मी म्हटलं, पहिल्याच पानावर घालतो. तेव्हा मनापासून म्हटलं होतं.

मजकूर संपत आला तसं मास्तरांनी एक नवीन काढलं. पुस्तकाच्या शेवटी यादी हवी. गाव कोणतं, किती हातांवर पाणी लागलं, कोणत्या साली, आणि विहीर कुणी खोदली. मला आनंद झाला. दोन रविवार बसून मी यादी सांगितली. कोरड्या गेलेल्या विहिरीही सांगितल्या, थोड्याच होत्या, आणि मास्तर म्हणाले होते खरं सांगा. त्यानंतर मास्तर सुट्टीच्या दिवशी कुणाची तरी सायकल मागून घेऊन विहिरी बघत हिंडायला लागले. दोरीला गाठी मारून खोली मोजायचे. एका संध्याकाळी ती सायकल मला मिस्त्रीच्या दाराशी दिसली. मला वाटलं, खडकांची नावं विचारायला गेले असतील.

पुढच्या रविवारी मास्तरांनी यादी माझ्यापुढे ठेवली.

"बुवा, सात विहिरी कोरड्या. सातही एकाच सालच्या. आणि सातांपैकी एकही मिस्त्रीनं खोदलेली नाही. त्या साली मिस्त्री कुठे होता?"

मिस्त्री त्या साली खाटेवर होता. पायाला नारू झाला होता. घोट्याजवळून निघालेला तो सुतासारखा जंत काडीला गुंडाळून रोज थोडं थोडं ओढत तो चार महिने पडून होता, आणि मी काडीशिवाय, आपल्या अकलेनं, नारळ उभा करत हिंडत होतो.

मी यादी उलटी घालून ठेवली. मास्तरांनी वही उघडली आणि वाचलं. 'पाण्याची जागा मिस्त्री आदल्या दिवशी पाहून ठेवीत असे. मी नारळ धरीत असे. लोकांचा विश्वास नारळावर होता. पाणी मात्र मिस्त्रीच्या दगडाच्या ओळखीवर लागत होते.'

तो सगळा मजकूर 'मी' म्हणून लिहिलेला. जो शांत शहाणा माणूस मला आवडायला लागला होता, तोच माझ्याकडे बोट दाखवत होता.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे?" मास्तर म्हणाले. "हे प्रकरण ठेवू या बुवा. सगळ्या पुस्तकात हेच उपयोगाचं आहे. नारळ काय, कुणाच्याही हातावर..." आणि ते थांबले.

मला वाटलं, ते मिस्त्रीला पाठीशी घालत आहेत. दारातली सायकल डोळ्यांसमोर आली. दुसरं कोण सांगणार? काडीचं आम्हा दोघांनाच ठाऊक. ज्याला मी इतकी वर्षं कामं मिळवून दिली, त्यानं एका कपभर चहावर मला परक्या माणसाला देऊन टाकलं. मास्तरांचा राग होताच, पण त्यांना मी परका होतो. मिस्त्रीचं मला सहन होत नव्हतं. पुढे कितीतरी दिवस मी त्याच्या गल्लीवरून जायचं टाळलं. त्याच्या मिशीखालचं हसू आठवलं की वाटायचं, म्हणजे हा सारखा मलाच हसत होता.

मी मास्तरांना सांगितलं, हे प्रकरण काढा. यादीही काढा.

"नाव तुमचं आहे," ते म्हणाले. त्यांनी पानं सोडवून बाजूला ठेवली. चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळा होता.

"त्या जागी एक वाक्य घाला. लिहा. 'काही मिस्त्री सुरुंगात दारू जास्त भरतात, त्याने झरा दबतो, आणि माझ्या सात विहिरी अशाच कोरड्या गेल्या.'"

मास्तरांनी टाक खाली ठेवला. "हे मी लिहिणार नाही. हवं असेल तर तुमच्या हातानं लिहा."

मी लिहिलं. सव्वाशे पानांच्या त्या पुस्तकात माझ्या हातचं एवढंच एक वाक्य आहे. बाकी सगळं मास्तरांचं.

आमच्या भागात मिस्त्री म्हटलं की एकच माणूस समजतात. पुस्तक पारनेरच्या बाजारात आलं, चहाच्या हॉटेलात मोठ्यानं वाचलं गेलं, आणि ज्यांच्या त्या सात विहिरी होत्या त्यांनी माना डोलावल्या. त्या विहिरी फोडणारे दुसरेच होते, हे एवढ्यात विसरूनही गेले होते सगळे. मिस्त्रीची दोन कामं ठरली होती, ती मोडली. तिसरं आलंच नाही.

मग तो माझ्याकडे आला. ओट्याची पायरी चढला नाही.

"आलो म्हनं मी पुस्तकात," तो म्हणाला.

"नाव नाही घातलेलं."

"नाव कशाला पायजे? सगळ्यांनी वळाखलं." मग म्हणाला, "अम्मासमोरच वाचलं हाटेलवाल्यानं. मीच बोलवून आनलं हुतं त्याला वाचायला."

मी तेव्हाही माझ्या रागातच होतो. म्हटलं, "तू मास्तरला सांगताना माझा विचार केलास का?"

"काय सांगितलं?"

"तुला माहीत आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला खरंच काही कळलेलं नव्हतं, हे त्याच्या डोळ्यांत होतं. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. तो गेला. पुढच्या महिन्यात आईला आणि बायकोला घेऊन तो बेलापूरकडे निघून गेल्याचं कळलं. तिकडे पाटाचं पाणी. तिथे नारळवाल्याचीही गरज नाही आणि त्याच्यासारख्या कानाचीही.

वर्षभरानं मास्तरांची बदली झाली. मोटार स्टँडवर मी त्यांना पोहोचवायला गेलो. का गेलो ते मला सांगता यायचं नाही. त्यांची ट्रंक टपावर चढत होती.

"एक विचारू?" मी म्हटलं. "मिस्त्रीनंच सांगितलं ना तुम्हाला?"

"मिस्त्रीनं?" मास्तर चक्रावले. "विचारलं होतं मी त्याला. चांगलं खोदून खोदून विचारलं. म्हणाला, 'मास्तर, बुवाचा हात देवाचा हाय, मी दगडफोड्या मानूस, मला काय कळतंय पान्यातलं.' शेवटपर्यंत तेच."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्हीच नाही का सांगितलंत? यादीत." त्यांनी कोटाच्या खिशातून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "ही पानं तुमचीच. मला काय उपयोग?" मोटार सुटली. पाकिटात सोडवलेलं ते प्रकरण होतं आणि यादी होती.

ती पानं आज माझ्यापुढे आहेत. मास्तरांचं अक्षर किती वळणदार होतं. काडीचा त्यात उल्लेख नाही. ती मास्तरांना शेवटपर्यंत कळली नाही, कारण ते सांगणारा एकच माणूस होता आणि त्यानं सांगितलं नाही. मला वाटलं होतं मला फसवलं गेलं. तेवढ्यावर मी दीड-दोन वर्षं जगलो, चवीनं जगलो म्हटलं तरी चालेल.

त्यानंतर एकदा मी बेलापूरपर्यंत गेलो. तो पुणतांब्याला विहिरींची बांधकामं करतो असं तिथे कळलं. म्हातारी गेली असंही कळलं. पुढे गेलो नाही, तिथूनच परत फिरलो. नारळ हातात घेणं मी सोडलं आहे. लोकांना सांगतो, अंगात बळ राहिलं नाही.

हे मी कुणाकडून लिहवून घेतलेलं नाही. मास्तर असते तर नीट मांडलं असतं. मला त्याच्या दारात जाऊन, उभ्यानंच, दोन गोष्टी सांगायच्या आहेत: विहिरी कोरड्या गेल्या त्या माझ्या, आणि तू कुणाला काही सांगितलं नव्हतंस हे मला आता माहीत आहे. आणि त्याचं नाव, वडलांच्या नावासकट, ज्या हॉटेलात ते वाक्य वाचलं गेलं तिथे मला मोठ्यानं घ्यायचं आहे. त्याच्या आईला ऐकवायचं होतं, ते आता राहून गेलं. बाकीचं देणं अजून माझ्याकडे आहे, ते फेडायचं आहे.