डावा पीळ

डाव्या मिस्त्रींना जगात दोन गोष्टींची मनापासून किळस होती: 'तात्पुरतं' हा शब्द आणि स्वतःचा धाकटा भाऊ. डावखुरे म्हणून लोक त्यांना डावे म्हणत. बाकी त्यांच्यात उजवं-डावं काही नव्हतं, सगळ्यांनाच सारखं घालूनपाडून बोलायचे. गिऱ्हाईक म्हणजे मठ्ठ, शेजारचा वेल्डर म्हणजे कसाई, नव्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे. कुठलंही बॉनेट उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला, "हे कुठल्या गाढवाचं काम?"

त्या सकाळी बायकोने पुन्हा विषय काढला. "भावजींचं उद्या ऑपरेशन आहे. हृदयाचं. आता तरी एक फोन करा, सतरा वर्षं झाली."

"मुळीच नाही," मिस्त्री म्हणाले. "त्याचा तो गिअर मी विसरलेलो नाही."

सतरा वर्षांपूर्वी दोघे भाऊ याच गॅरेजात राबायचे. एका डॉक्टरांची गोल पाठीची जुनी गाडी इथून दुरुस्त होऊन गेली आणि चढावर तिचा गिअर अडकला. गाडी मागे घरंगळत भिंतीवर आदळली, डॉक्टरांचा हात मोडला. गाडी ओढून आणली तेव्हा भाऊ बॉनेटखाली डोकावून आला. मिस्त्रींनी तेवढीही तसदी घेतली नाही. चार गिऱ्हाइकांदेखत ओरडले, "गिअरचं काम तुझ्याकडे होतं ना? पाना धरायची लायकी नाही तुझी, चालता हो!" भाऊ चकार शब्द बोलला नाही. पाने पुसून आपल्या पेटीत ठेवले, पेटी उचलली आणि गेला. गप्प बसला म्हणजे चूक त्याचीच, असा मिस्त्रींनी निकाल लावून टाकला. डॉक्टरांनीही संतापून गाडी नेली आणि शेडमध्ये कुलूपबंद केली.

आणि दुपारी बघतात तर दारात तीच गाडी! डॉक्टर वारले होते. त्यांच्या सुनेने ती टो करून आणली होती.

"तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही हिला," ती म्हणाली. "आत तुमचंच कार्ड सापडलं."

मिस्त्रींना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हातात आयता पुरावा! त्यांनी वेल्डरलाही हाक मारली. "या, या. माझ्या बंधुराजांची कारागिरी बघा." स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्यापासून दोन रॉड खाली गिअरबॉक्सकडे जात होते. रॉडच्या टोकाला सांध्यात बसणारा छोटा गोल बुश असावा, त्यावर तो अडकवणारी पिन असावी. एका रॉडला दोन्ही होती. दुसऱ्या रॉडच्या टोकाला नुसता चामड्याचा तुकडा, आणि वर तार गुंडाळलेली.

"तार!" मिस्त्री कडाडले. "गिअरला तार बांधतो, आणि मला दादा म्हणतो! बघा बाई, माणसांच्या जिवाशी खेळ आहे हा. असल्या माणसाला कुणी सायकलच्या पंपालासुद्धा हात लावू देऊ नये."

वेल्डर मजेत ऐकत होता. मिस्त्रींनी पक्कड लावली आणि इतरांचे पीळ उलगडायचे तसा हाही उलगडायला घेतला. तार सैल होण्याऐवजी आवळली. पुन्हा फिरवली. आणखी आवळली.

पीळ उलटा होता. डाव्या हाताचा. आणि त्या गॅरेजात डावखुरे ते एकटेच.

मिस्त्रींचा हात तिथेच थांबला. सगळं आठवलं. भाऊ बुश आणायला बाजारात गेला होता, डॉक्टर हॉर्न वाजवत होते, आणि याच तोंडाने ते म्हणाले होते, "तात्पुरतं बांधून देतो, डॉक्टर. बुश उद्या टाकू."

"काय झालं?" सुनेने विचारलं.

"गाढव सापडलं," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांना स्वतःची अशी शिसारी आली की त्यांनी पक्कड दूर भिरकावली. वेल्डरने त्यांच्याकडे पाहिलं आणि निघून गेला.

फोन भावानेच उचलला.

"अरे, ती डॉक्टरांची गाडी," मिस्त्री म्हणाले. "तो पीळ डावा आहे रे."

"माहीत आहे," भाऊ म्हणाला. "मी तेव्हाच बघितला होता."

"मग बोलला का नाहीस, मूर्खा?"

"चार गिऱ्हाइकं उभी होती, दादा. गॅरेज तुझ्या नावावर चालायचं."

मिस्त्रींना हुंदका आवरेना. भाऊ म्हणाला, "बुश मिळाला होता मला त्या दिवशी. अजून माझ्या पेटीत आहे. उद्याच्या ऑपरेशनआधी येऊन घेऊन जा, तात्पुरतं काही करू नकोस."