हललेला फोटो

हललेला प्रिंट आला की आमचे फोटोग्राफर दादा तो मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत उचलायचे. "शी! हा फोटो आहे की सांडलेली आमटी?" गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी.

उल्हासनगर कॅम्प एकमधल्या आमच्या स्टुडिओचे सिंधी शेठ कपाळाला हात लावायचे. "दादा, कस्टमर को ऐसा बोलोगे तो वो वापस आयेगा क्या?" मी तिथं निगेटिव्हवरचे डाग झाकायचं काम करायची. दादांची ती किळस मला माज वाटायची.

एकदा अंबरनाथ एमआयडीसीमागच्या वस्तीतल्या एक मावशी आल्या. केमिकल कंपनीनं नाल्यात पाइप सोडलेला, त्यामुळे वस्तीच्या हातपंपाला पिवळं पाणी. जावयानं कॅमेरा मागून आणून फोटो काढले होते. सगळे हललेले.

"पोल्युशनच्या हापिसातल्या सायेबानं फेकून दिले," मावशी म्हणाल्या. "बोलला, याच्यात काय दिसत नाय."

दादांनी फोटो पाहिले. शी म्हणाले नाहीत. "उद्या सकाळी येतो," एवढंच.

मीही गेले. तुम्ही कधी त्या नाल्याकाठी उभे राहिला असाल, तर वास सांगायला नको. मी पदर नाकाशी घट्ट धरला होता. पाइप रस्त्याच्या मोरीखाली, अंधारात. फ्लॅश मारला की नुसता फेस चमके. फ्लॅशशिवाय शटर हळू ठेवायला हवं, म्हणजे श्वासानंही फोटो हलणार. स्टँडचे पाय तर गाळात रुतत होते.

दादा पँट दुमडून सरळ त्या गाळात बसले. पाठ भिंतीला, कोपरं गुडघ्यांवर. कॅमेऱ्याच्या बुडाला बांधलेली सुतळी पायाखाली दाबून ताणून धरली.

"दादा, वर या ना!"

"बोलू नकोस. हलतो मी."

अर्धा श्वास सोडून त्यांनी बटण हळूच दाबलं. असं सात वेळा. मग काठावर येऊन ओकले.

प्रिंटवर पाइपचं तोंड, फेस आणि पाइपवर रंगवलेलं कंपनीचं नाव, अक्षर न् अक्षर. महिनाभरात पाइप बंद झाला, वस्तीत टँकर येऊ लागला. पण तो फोटो समोर ठेवूनच साहेबानं आरामात वडापाव खाल्ला, असं मावशींनी सांगितलं, तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, "शी!"

त्या गाळानं दादांच्या पायांवर उठलेले चट्टे मात्र बरे झाले नाहीत. पुढं ते चिघळले, स्टुडिओ सुटला. मी बदलापूरला मांजर्लीत त्यांच्या घरी गेले, तर त्यांनी घाईनं पायांवर चादर ओढली.

"बघू नकोस गं. घाण आहे."

मी वहिनींकडून मलम मागून घेतलं आणि त्यांच्या पायांशी बसले.